खडकातली निळी गोगलगाय

आमच्या गल्लीत शांतता अशी नव्हतीच. सोलापूरच्या पूर्व भागात जन्मलेल्या माणसाला मागांचा खटखटाट ऐकू येत नाही. तो थांबला की मात्र झोपेतून जाग येते. डावीकडच्या घरात टॉवेलचे माग, उजवीकडे चादरींचे, आणि मधे आमचं घर. आमच्याकडे माग नव्हता, पण त्या दोन्ही घरांना लागणारं सूत आमच्याकडे रंगायचं. पुढं दोन खोल्या, मागं पत्र्याची शेड, शेडमध्ये सिमेंटचे हौद आणि चुलाण्यावर मोठी कढई, आणि अंगणात बांबूंवर वाळत घातलेल्या सुताच्या लडी. लाल, हिरव्या, जांभळ्या, आणि सगळ्यांत जास्त निळ्या. वारा सुटला की भिंतीवर पडलेला उजेडसुद्धा रंग बदलायचा. अम्माला धुणं वाळत घालायला जागाच उरायची नाही. ती रोज सकाळी त्यावरून एकदा बोलून घ्यायची आणि धुण्याची बादली घेऊन गच्चीवर जायची.

आम्ही घरात तेलुगू बोलायचो, शेजारी मराठी आणि शेडमध्ये दख्खनी. इथं मी बरंचसं मराठीत लिहितेय, पण वाचणाऱ्यानं एवढं लक्षात ठेवावं की वडलांना आम्ही नान्ना म्हणायचो आणि आईला अम्मा. नान्नांचं नाव व्यंकटी. त्यांच्या बोटांची नखं बारमाही निळी असायची. पितळी ताटात ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि चिंचेचा आंबट पुलुसु घेऊन ते बसले, की पांढऱ्या भाकरीवर ती निळी बोटं उठून दिसायची. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच वडलांची नखं अशी असतात. पुढं शाळेत एका मैत्रिणीचे वडील पाहिले, पोस्टात होते, त्यांची गुलाबी नखं बघून मला ते आजारी वाटले होते.

शेडमध्ये नान्नांच्या जोडीला मैनोद्दीनचाचा होते, नान्नांचे मैनू. दोघं पोरवयात एकाच रंगखान्यात कामाला लागले आणि पुढं स्वतःचं काढलं, तेही मिळून. नान्ना रंग ठरवायचे, निळ्यात चिमूटभर पिवळा किती पडायचा तेसुद्धा, आणि चाचा तो कढईत उतरवायचे. चाचा बोलायला लागले की थांबायचे नाहीत आणि नान्ना बोलायला लागायचेच नाहीत, त्यामुळं त्यांचं बरं जमायचं. बाजारात आमचा निळा ओळखला जायचा. व्यापारी लडी उजेडात धरून म्हणायचे, “हा व्यंकटीचाच.” त्या दिवशी संध्याकाळी नान्ना येताना पानपुड्यात जिलबी आणायचे.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र घेतलं होतं. घरात कुणाला त्याचा अर्थ नीटसा माहीत नव्हता, अम्मा शेजारणींना सांगायची, “आमची विमल बेडकं कापते.” दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात आमच्या प्रधानबाईंनी वर्गाची सहल कोकणात नेली, रत्नागिरीजवळच्या एका गावी, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांतले प्राणी बघायला. मी तोवर समुद्र पाहिला नव्हता. आमच्या घराण्यातच कुणी पाहिला नव्हता. पाणी म्हणजे आम्हाला सिद्धेश्वरचा तलाव आणि नळाला येईल तेवढं.

त्या खडकांत, बादलीभर पाणी साचलेल्या एका खळग्यात, मी ती पहिल्यांदा पाहिली. शंख नसलेली गोगलगाय, बोटाच्या दोन पेरांएवढी. बाईंनी इंग्रजी नाव सांगितलं, न्यूडिब्रँक, आणि म्हणाल्या, “उघड्या कल्ल्यांची. बघा, हिचे कल्ले पाठीवर आहेत.” पाठीवर खरंच शेंदरी फुलाचा तुरा होता, पुढं तशाच रंगाची दोन शिंगं, आणि सगळं अंग निळं. अंगभर पिवळे ठिपके, त्यांच्या मधून काळसर निळे बारीक थेंब. मी रंगाऱ्याची मुलगी. निळ्यावर पिवळा घातला की कडेला हिरवा होतो, हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. इथं एकाही ठिपक्याची कड हिरवी झाली नव्हती. मी गुडघ्यांवर बसून बघत राहिले आणि माझा परकर भिजला ते मला वर आल्यावर कळलं.

एका मुलीनं त्यातली एक गोगलगाय नमुना म्हणून टिकवायच्या औषधाच्या बाटलीत घातली. संध्याकाळपर्यंत बाटलीत फिकट, मळकट असा एक गोळा उरला. प्रधानबाईंनी ती बाटली सगळ्यांना दाखवली आणि दुसऱ्या दिवशी कुणालाही बाटली काढू दिली नाही.

घरी आल्यावर मी हे सगळं सांगत सुटले. अम्माला खळग्यातल्या खेकड्यांत जास्त रस होता. नान्ना मात्र गोगलगायीवरच अडले. “निळा म्हंजे कसला निळा? मोरपंखी?” “नाही.” “आपल्या चादरीचा?” “त्याच्यापेक्षा उजळ.” “आन् पिवळा त्याच्यात पसरला न्हाय?” बाटलीतला रंग गेला हे ऐकून ते बराच वेळ सुपारी चघळत राहिले. मग म्हणाले, “म्हंजे जिवंत हाय तवर पक्का. मेल्यावर कच्चा.” पुढं महिनाभर, जेवताना मधेच थांबून, ते काहीतरी विचारायचे. ती खाते काय, पिल्लं पण निळीच असतात का, पाण्यातून बाहेर काढली तर कशी दिसते. मला जेवढं येत होतं तेवढं मी सांगायची, नसेल येत तर बाईंना विचारून यायची. कॉलेजातली कुठलीच परीक्षा मला एवढी अवघड गेली नाही.

आता जो प्रसंग सांगायचा आहे त्याची सुरुवात आधीच झाली होती, पण आमच्या लक्षात आली नव्हती. त्या वर्षी आमच्याकडचं निळं सूत परत यायला लागलं. पहिल्यांदा एक व्यापारी हसत हसत म्हणाला, “व्यंकटी, ह्यो हिरवट मारतोय की.” नान्नांनी बोअरच्या पाण्याला दोष दिला. दुसऱ्यांदा रंगाच्या भुकटीला. तिसऱ्यांदा अख्खी गाडी परत आली आणि लडी अंगणात टाकून माणूस निघून गेला. मी कॉलेजातून आले तेव्हा नान्ना आणि चाचा शेडमध्ये समोरासमोर उभे होते.

“तू पिवळा जास्त घातलास,” नान्ना म्हणाले.

“तू बोल्या उत्ताच डाल्या मैं,” चाचा म्हणाले. “मैं तो तेरे कू बोल्या बी, व्यंकटी, ये हरा हो रहा. तूच बोल्या, नीला है, डाल.”

“मी तीस वर्षं निळा बघतोय. मला निळा कळत न्हाय व्हय?”

“मेरे कू कळता नहीं क्या फिर?”

“तुझं ध्यान न्हाय कामात,” नान्ना म्हणाले. “म्हातारा झालास तू.”

चाचा एरवी एका वाक्याला दहा वाक्यं परत करायचे. त्या दिवशी त्यांनी हौदाच्या कडेला हात धुतले, खुंटीवरची टोपी घेतली आणि मला म्हणाले, “जाता मैं, बेटी.” ते गेले ते दुसऱ्या दिवशी आले नाहीत, आणि तिसऱ्याही. कढई थंड पडली. बांबू रिकामे झाले. अम्माला धुणं वाळत घालायला सगळं अंगण मिळालं, पण ती बादली घेऊन गच्चीवरच जात राहिली.

अशा वेळी घराबाहेर पडायचं अम्माच्या डोक्यात कसं आलं, हे मला पुढं कळलं. तेव्हा ती एवढंच म्हणाली, “काम न्हायच हाय तर चला की, विमलचा तो निळा किडा बघून येऊ.” मला वाटलं, नान्ना रागावतील. ते म्हणाले, “किडा न्हवं. गोगलगाय.” आणि पिशवी काढायला उठले.

अम्मानं दोन दिवस भाकऱ्या कडक केल्या. त्या भाकऱ्या, शेंगांची चटणी आणि लसणाचं तिखट असं तिनं एवढं बांधून घेतलं, की वाटावं आम्ही कोकणात नव्हे, लढाईला निघालोय. एसटीनं मंगळवेढा, मिरज, कोल्हापूर करत, गाड्या बदलत, आंबा घाट उतरलो तेव्हा अम्मा खिडकीला चिकटली होती. सहलीच्या वेळी आम्ही ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या काकूंनी मला ओळखलं आणि पडवीतली खोली दिली. रात्रीच्या जेवणात माशाचं कालवण होतं. अम्मा आवडीनं जेवली आणि अंथरुणावर पडल्यावर मला हळूच म्हणाली, “सगळ्यात नारळ. हिथं तिखटाला काय बंदी हाय का?”

नान्नांनी समुद्र पाहिला त्याबद्दल सगळे विचारतात, म्हणून सांगते. त्यांनी वाळूत चपला काढल्या, पाण्यापर्यंत गेले, खाली वाकून ओंजळ भरली, उजेडात धरली आणि परत सोडून दिली. रंगाऱ्याची सवय, पाणी आधी हातात घेऊन बघायचं.

पहिल्या दिवशी ओहोटीला आम्ही खूप हिंडलो आणि काहीच सापडलं नाही. मी घाबरले होते. एवढ्या लांब आणलं आणि गोगलगाय नाही, असं झालं तर? दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंचं एक वाक्य आठवलं. ती जे खाते त्याच्याजवळ शोधा, असं त्या म्हणाल्या होत्या. ती स्पंज खाते, खडकाच्या सावलीच्या बाजूला चिकटलेला. मी कपारीत वाकवाकून बघत गेले, आणि एका खळग्यात, गुडघाभर पाण्याच्या काठाला, ती होती. पाठीवरचा तुरा उघडून सावकाश सरकत चाललेली.

“नान्ना, या. हळू या, शेवाळ आहे.”

ते आले. मी बोट दाखवलं. ते वाकले, मग बसले, मग पार पाण्याशी तोंड नेलं.

“कुटं हाय?”

“ही काय. तुमच्या समोर.”

“ही?” ते बघत राहिले. “शिंगं तांबडी हायत. पाठीवर तुरा हाय तांबडा.” थोडा वेळ गेला. “पण ही तर मातकट हाय, विमल. निळी ती दुसरी आसंल.”

मला वाटलं ते चेष्टा करताहेत. पण नान्ना रंगाची चेष्टा करत नसत. “नान्ना, निळी आहे. पिवळे ठिपके बघा ना.”

“ठिपके मला दिसत न्हाईत.”

त्यांनी मागं वळून अम्माकडे पाहिलं. अम्मा निऱ्या खोचून पाण्यात उभी होती. ती जवळ आली, वाकली आणि म्हणाली, “निळी हाय. लई सुंदर निळी हाय.”

नान्नांनी हात पुढं केला आणि अम्माच्या पदराचं टोक धरलं. ती साडी आमच्याच शेडमध्ये रंगलेल्या सुताची होती. पदर त्यांनी पाण्याच्या वर, गोगलगायीच्या शेजारी धरला. एकदा पदराकडे बघितलं, एकदा पाण्यात.

“आन् हा?” त्यांनी विचारलं.

“हा पण निळाच,” अम्मा म्हणाली. आणि मग, अगदी हळू, “दसऱ्याला तुमी मला म्हणला, ही तपकिरी साडी कुठनं आणलीस. मला वाटलं गंमत करताय. मग वाटलं न्हाय, गंमत न्हवं.”

“तवाच का बोलली न्हाईस?”

“बोलले की. डोळं दावा म्हणले तर तुमी म्हणला, माझ्या डोळ्यांवर घर चालतंय. म्हणून म्हणलं, आपलं सूत न्हाय, दुसऱ्याचं काहीतरी बघू द्या.”

मी तिथं मधे उभी होते. माझ्या डोक्यात अजूनही गोगलगाय होती, आणि या दोघांमधे काय चाललंय ते मला हळूहळू उमगत होतं. नान्ना खडकावर बसले. पदर अजून त्यांच्या मुठीत होता, त्यामुळं अम्मालाही त्यांच्या शेजारी बसावं लागलं. पाणी आत यायला लागलं होतं, खळगा भरत होता, आणि गोगलगाय कपारीच्या आत निघून गेली. मग नान्ना बोलले. डोळ्यांबद्दल नाही बोलले.

“म्हंजे मैनू बरोबर बोलत हुता,” ते म्हणाले.

आम्ही त्याच दिवशी निघालो. काकूंनी दिलेले दोन नारळ अम्मानं कडक भाकऱ्यांच्या रिकाम्या पिशवीत घातले. दुसऱ्या दिवशी सकाळी सोलापूरच्या स्टँडवर उतरलो तेव्हा अम्मा रिक्षा बघायला लागली. नान्ना म्हणाले, “तू घरी जा. विमल माझ्यासंगं येऊ दे.” आम्ही चालत चाचांच्या मोहल्ल्यात गेलो. चाचा दारातल्या बाजेवर बसून चहात पाव बुडवत होते. आम्हाला बघून उठले नाहीत. नान्ना त्यांच्यासमोर उभे राहिले. मला वाटलं, काहीतरी मोठं बोलतील. सबंध प्रवासात ते मनाशी काहीतरी जुळवत होते. पण ते एवढंच म्हणाले, “मैनू, मला निळा दिसत न्हाय.”

चाचांनी पाव बशीत ठेवला. “कबसे?”

“काय की. लई दिवस झालं आसतील.”

“मैं समज्या तू जानबूझके कर रहा,” चाचा म्हणाले. मग बाजेवर सरकून जागा केली आणि आत हाक मारली, “दो चाय और.” चहा पिऊन झाल्यावर नान्ना म्हणाले, “मी तुला म्हातारा म्हणलो.” चाचा म्हणाले, “वो तो मैं है.” आणि टोपी घालून आमच्याबरोबर डॉक्टरांकडे निघाले.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. तेव्हाची ऑपरेशनं आतासारखी नव्हती. माझं स्वतःचं गेल्या वर्षी झालं, सकाळी गेले, दुपारी घरी येऊन वरणभात जेवले, आणि नातू म्हणाला, “आजी, झालं पण?” नान्नांना डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून उताणं निजवलं होतं. हलायचं नाही, खोकायचं नाही, हसायचं तर अजिबात नाही. चाचांना म्हणून वॉर्डात बोलायला बंदी होती. ते उशाशी बसून तोंडावर हात ठेवायचे, आणि नुसतं ते बघूनच शेजारच्या खाटेवरचे पेशंट हसायचे.

आधी एकाच डोळ्याचं केलं होतं. पट्टी निघाली, काही आठवड्यांनी जाड भिंगाचा चष्मा आला, आणि नान्ना अंगणात येऊन उभे राहिले. चाचांनी नव्यानं रंगवलेल्या लडी बांबूंवर होत्या. नान्नांनी एक हात एका डोळ्यावर ठेवला, मग दुसऱ्यावर. परत पहिल्यावर. “ह्या डोळ्यानं तपकिरी,” ते म्हणाले, “आन् ह्यानं...” पुढचं त्यांना सुचेना. नव्या डोळ्याला निळा जरा जास्तच दिसत होता. नुकतं धुतलेलं पांढरं धोतरसुद्धा त्यांना नीळ जास्त झाल्यासारखं वाटायचं, आणि त्यावरून अम्माशी वाद व्हायचा. डॉक्टर म्हणाले, असं काही जणांना होतं. त्यामुळं पुढं रंग चाचांनी ठरवायचा आणि नान्नांनी उतरवायचा, असं दोघांनी आपसांत ठरवून टाकलं. दुसरा डोळा झाल्यावरही तो नेम त्यांनी बदलला नाही. सूत परत यायचं थांबलं. बाजारात लोक अजूनही व्यंकटीचाच निळा म्हणत, आणि नान्ना प्रत्येकाला सांगत, “मैनूचा हाय.”

आता ती शेड नाही. कामं चिंचोळीच्या कारखान्यांकडं गेली, बरीच माणसं कुंभारीच्या नव्या वसाहतीत राहायला गेली, आणि आमच्या गल्लीत दुपारी चिमण्या ऐकू येतात. मी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले. माझ्या मोबाइलवर नातवानं एक ग्रुप जोडून दिलाय, त्यात कोकणातल्या किनाऱ्यावर हिंडणारी तरुण पोरं रोज नवनव्या समुद्री गोगलगायींचे फोटो टाकतात. जांभळ्या, काळ्या-पिवळ्या, पांढऱ्यावर लाल कड असलेल्या. एवढ्या प्रकारच्या असतात हे मला तेव्हा माहीत असतं, तर नान्नांच्या प्रश्नांना मी जेवण संपेपर्यंत पुरले असते.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावरच्या हिवाळ्यात आम्ही परत गेलो. या वेळी चाचा होते, चाची होत्या, आणि अम्मानं तिखटाची वेगळी बरणी घेतली होती. पहिल्याच सकाळी गोगलगाय सापडली, तीही एक नव्हे, दोन, एकीमागं एक चाललेल्या. नान्ना जाड चष्मा नाकावर दाबून धरत पाण्यावर ओणवे झाले. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. गोगलगायीकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. मला वाटलं ते रडतील, किंवा हसतील. त्यांनी तसं काही केलं नाही. ते नीट, सावकाश, लडी तपासावी तसे बघत राहिले. ठिपके, कडा, तुरा, परत कडा.

“मैनू,” शेवटी ते म्हणाले, “हिकडं ये. कड बघ. कुटंच हिरवी न्हाय.”

चाचा धापा टाकत वाकले. त्यांनीही खूप वेळ पाहिलं.

“हौ,” ते म्हणाले. “अपने से नहीं होता ये.”

“न्हाय होत,” नान्ना म्हणाले, आणि सरकून त्यांना खडकावर जागा करून दिली.

भरती लागेपर्यंत ते दोघं तिथंच बसून होते. चाची हाका मारून दमल्या. अम्मा म्हणाली, “बसू दे,” आणि आम्ही वाळूत फडकं पसरून भाकरीचं गाठोडं सोडलं.